पाठदुखी नव्हती ती

बाटूसांकर,
१४ ऑगस्ट २०२३

प्रिय यूलिझार,
सलाम आणि आशीर्वाद.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पत्र फाडू नकोस, पुरतं वाच.

इकडे सगळं बरं आहे. काल चिखलातल्या बैलांच्या शर्यतीत मी, वय वर्षं एकसष्ट, दोन्ही बैलांच्या शेपट्या धरून, पळवायला त्या चावत, शेवटपर्यंत धावलो. तोंडभर चिखल, पण पडलो नाही! तुझी वहिनी बांधावरून ओरडत होती, "अहो, शेपटी चावायला दात तरी उरलेत का?" पेकनबारूत तुझी खानावळ कशी चाललीय? गिऱ्हाईक आहे ना?

टाळाटाळीत माझा हात कोणी धरणार नाही, तुला ठाऊकच आहे. तर लिहितो.

आपले थोरले भाऊ, उदा, पाठदुखीनं गेले नाहीत. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग होता, हाडांत उतरलेला. मीच नेलं होतं त्यांना दवाखान्यात. त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली, "ही काय चारचौघांत नाव घ्यायची जागा आहे? यूलिझारलासुद्धा कळता कामा नये." दफनाच्या दिवशी तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा खोटं बोललो. तू ते ओळखलंस आणि बोलणं तोडलंस. चुकलो मी.

गेल्या वर्षी हे ओझं तुझ्या वहिनीपुढे टाकलं. ती म्हणाली, "मग तुम्हीही तपासून घ्या." मी म्हटलं, मला कुठे काय होतंय? शिवाय आपल्या रीतीत घर बायकोच्या कुळाचं, नवरा तिथे पाहुणा, पाहुण्यानं कुरकुरू नये. तशी ती कडाडली, "पस्तीस वर्षं पाहुणा म्हणून मिरवताय ना? मग पाहुणा मेला तर बोल मला लागेल. उठा, चपला घाला!"

रक्त तपासलं, प्रोस्टेटचा आकडा चढलेला. मग तुकडा काढून पाहिला. कर्करोगच, पण अजून ग्रंथीच्या आतच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवातीला हा चाहूलच देत नाही. दुखायची वाट बघत बसला असतात तर उशीर झाला असता." शस्त्रक्रिया झाली. लघवी आवरेना म्हणून काही महिने म्हाताऱ्यांचे लंगोट बांधून हिंडलो, तेही सांगून टाकतो. आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात रक्त निर्मळ निघालं. जिंकलो रे!

त्याआधीच कॉफीच्या दुकानात डॉमिनोचा डाव थांबवून सगळं सांगितलं होतं. खसखस पिकली. मालिन सुतार म्हणाला, "दारविस, बाईंनी बोटानं तपासलं तेव्हा डोळे मिटलेस की नाही?"

"मिटले. म्हणून आज उघडे आहेत."

दोन दिवसांनी पन्नाशीपुढचे नऊ जण एका गाडीत बसून रक्त द्यायला गेले. कर्करोग मालिनलाच निघाला, पण वेळेत. आता टिंगल करत नाही, रोज कॉफी पाजतो.

राहिलास तू. त्रेपन्नाचा झालास. एका भावाला झालं तरी धोका वाढतो म्हणतात, तुझ्या तर दोघांना झालं. उद्याच खानावळ बायकोवर सोपव आणि रक्त दे. माझ्याशी बोलू नकोस, शिव्या घाल, पण जा. एका भावाची शपथ मी पाळली. दुसऱ्याचा जीव तिच्यावरून ओवाळून टाकणार नाही.

विनंती नाही ही, हुकूम आहे. आता तुझा थोरला मीच.

दारविस