खुणांची भाषा, सोमवारपासून

३ जून
आज शाळेत जाऊन फाडफाड बोलून आलो. लेकीला ऐकू येत नाही हे ती पहिलीत असल्यापासून शाळेला माहीत आहे. आता ती सातवीत. गणिताचे सर अजून फळ्याकडे तोंड करून शिकवतात. वर म्हणे, तिने ओठ वाचावेत. सरांच्या पाठीला ओठ आहेत का? मोठ्या बाईंना ठणकावून सांगितलं, वर्गात खुणांची भाषा येणारा दुभाषी हवा. तिचा हक्क आहे, तुमचे उपकार नाहीत. बाई म्हणाल्या, बघू. 'बघू' म्हणणाऱ्यांना डीप फ्रीजरमध्ये कोंबलं पाहिजे. दुकानात दुरुस्तीला आलेला एक रिकामाच आहे.
निश्चय: मीही खुणांची भाषा शिकणार. सोमवारपासून.

९ जून, सोमवार
हॉटेलचा फ्रीज आला. कॉम्प्रेसर बसलाय. भाषा पुढच्या सोमवारी. आठवड्याच्या अधेमधे काही सुरू करणं मला पटत नाही.

१७ जून
जेवताना मायलेकी हातांनी बोलत होत्या. खूप हसल्या. काय झालं विचारलं, तर ही म्हणाली, काही नाही, असंच. माझ्याच घरात मला दुभाषी नाही. संताप आला.
अर्थात माझं आणि लेकीचं वेगळं आहे. ती हात हलवते, मी मान हलवतो. बापलेकीत भाषा हवी कशाला?

२८ जून
लेक दुकानात आली. फ्रीजच्या पाठीला तळहात लावून मोटर नीट चाललीये का ते सांगते. हुशार आहे. मग माझ्यासमोर उभी राहून बराच वेळ हात हलवत होती. चेहरा एकदम सीरियस. माझ्या एका हातात तांब्याची नळी, दुसऱ्यात पेटलेला गॅसचा टॉर्च. मान हलवली. तिने सगळं परत सांगितलं. परत हलवली. टॉर्च विझवल्यावर गळ्यातच पडली. नवी सायकल मागितली असणार. बघू.

१० जुलै
डोकं फिरलंय. गणिताचे सर म्हणाले, अशा मुलांची वेगळी शाळा असते, दुसऱ्या गावात, वसतिगृहासकट. तिकडे का घालत नाही? म्हणजे पोरगी उचलायची आणि नजरेआड करायची. मी विचारलं, इतक्या वर्षांत तिच्यासाठी एक खूण तरी शिकलात? म्हणाले, शिकायचंच आहे, वेळ मिळत नाही. निर्लज्जपणाची हद्द झाली.
घरी येऊन सगळं सांगितलं. ही म्हणाली, मग तिला हो कशाला म्हणालात? तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. सायकलचंच म्हणत असणार.

२२ जुलै
जिंकलो. शाळा नमली. दुभाषी बाई नेमणार. शुक्रवारी बैठक. लेकीला ही बातमी स्वतःच्या हातांनी सांगणार होतो, पण व्हिडिओ बघता बघता झोप लागली.

२५ जुलै, शुक्रवार
दुभाषी बाई म्हणाल्या, आधी मुलीला विचारू. हे आजवर कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.
लेकीचे हात सुरू झाले आणि बाईंचं तोंड. तिची सलग तीन वाक्यं मला पहिल्यांदाच कळली. ती म्हणाली, मला त्या वसतिगृहाच्या शाळेत जायचंय. तिथे सगळे हातांनी बोलतात. माझं बोलणं संपेपर्यंत बघतात.
मी ओरडलो, हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं? बाईंनी तेही हातांनी सांगितलं. लेक म्हणाली, बाबांना दुकानात विचारलं होतं. त्यांना कधीकधी कळत नाही, म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणाले.
ही म्हणाली, म्हणूनच तिकडे फोन करून जागा ठेवली. तुम्हाला आतून त्रास होतोय, म्हणून बाहेर ओरडताय, असं वाटलं होतं.
सर खाली बघत होते. त्यांच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही. दुभाषी बाईंनी विचारलं, तुम्ही हो म्हणाला होतात का? लेकीने हात मांडीवर ठेवले होते. ती फक्त माझ्या मानेकडे बघत होती.
मी मान हलवली.
ती सोमवारी निघते.