मिस हॅरोबींच्या बंगल्यातली पाटी

१२ नोव्हेंबर १९५६
चांद्याहून गोंडपिपरीच्या बसने आले. बंगला अजून धड आहे. कौलं शाबूत, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. मिस हॅरोबींनी चाळीस वर्षं इथल्या मुलींना शिकवलं आणि गावाला त्यांच्या नावाचा एक दगड उभारता आला नाही. माझ्यासारख्या निवृत्त मुख्याध्यापिकेलाच यावं लागलं. रविवारी नागपूरहून पहिले पाहुणे येतील. सगळं बाईंच्या वेळेसारखं मांडायचं, असं स्मारक समितीला मी बजावलं आहे.

१३ नोव्हेंबर
झाडलोटीला कुंता येते. मिस हॅरोबींचीच विद्यार्थिनी, आता साठीची. अंगणात तोंड मिटत नाही, उंबरा ओलांडला की मुकी. गावातले सगळेच असे. निदान एवढी शिस्त उरली.

१५ नोव्हेंबर
कपाटात दोरी ओवलेली लाकडी पाटी सापडली. आमच्या कॉन्व्हेंटातही होती. घरची भाषा बोलली की गळ्यात. सुटका दोनच: दुसरीला बोलताना पकडून द्यायचं, नाहीतर संध्याकाळच्या घंटेपर्यंत फक्त इंग्रजी. नाही जमलं तर शिक्षा. आम्हाला छडी बसायची. इथे पाटीजवळ चिमटा आहे.

चिमटा कशाला, म्हणून कुंताला विचारलं, तर हाताला धरून अंगणात नेलं आणि मग बोलली, "थो जिभेचा हाये, बाई. होतं तसंच ठेवा. मिसबाई अजून आयकते."

मी म्हटलं, तुझं मराठी ऐकून त्यांना रडू येत असेल. हसली नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार
पाहुण्यांना मुकं घर काय दाखवायचं? कुंताच्या गळ्यात पाटी अडकवून वर्गात उभी केली. नाही बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस, म्हटलं. तिच्या बोलीत बोलली, रडत. पाहुणे खूश. एकाने फोटो काढला.

ते गेल्यावर घंटा वाजली. तिचा दोर मी परवाच उतरवून ठेवला होता. वर्गात कुंता पडलेली, तोंडाला पदर, पदर लाल. चिमटा ओला.

१९ नोव्हेंबर, सकाळी
उठले तर पाटी माझ्या गळ्यात. दोरीला गाठ नाही, तरी निघत नाही. घरात आठवडाभर मी मराठीच बोलत होते.

दुपारी
कुंताच्या मुलाला, डोमाला, निरोप धाडला: आईच्या औषधाचं बघते, आत ये. एक शब्द त्याने बोलायला हवा होता. आत आला. मी त्याच्या आईबद्दल नाही नाही ते बोलले. ओठ दातांखाली धरून उभा राहिला. अंगणात जाऊन म्हणाला, "मायनं एवढंच शिकवलं मले. तुमाले तं विंग्रजी येते, बाई. बोला ना."

संध्याकाळ
तेव्हापासून फक्त इंग्रजी. प्रार्थनाही. स्वतःशीसुद्धा — एक शब्द मराठी नाही —

पाटी जड होते आहे. का? चुकले कुठे —

मागे वेताची खुर्ची करकरली. कुणीतरी खांद्यावरून वाचतं आहे —

ही वही. ही वही मी मराठी —

घंटा