डबा परत पाठवू नका

पंतनगर, घाटकोपर

ती. ताईस,

भाऊरावचा सविनय जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे जेवढं बरं असायला डॉक्टर परवानगी देतात तेवढे. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझी टीव्हीवरची मालिका यांचं कसं चाललंय ते कळव (याच क्रमाने कळवायला हवं असं नाही). पत्र लिहिण्याचं कारण, फोनवर तुला माझं ऐकू येत नाही. मी ओरडलो की ते सगळं चौथ्या मजल्यावरच्या शेवंतीबाईंना ऐकू येतं, आणि मग त्या खिडकीतून तुझ्या वतीने उत्तर देतात.

आधी मनातलं सांगून टाकतो. होळीच्या सुमारास तू तुमच्या गावच्या नितेशच्या हाती जवसाची चटणी पाठवलीस. चटणी चोख होती. पण सोबत निरोप होता, "डबा वापस पाठवू नका, मले आता डब्याचं काय काम?" भाऊजींचं नाव कोरलेला डबा, ताई. ते गेल्यापासून तू घरातलं एकेक भांडं असं वाटत सुटली आहेस, असं नितेश सांगत होता. इकडे राहायला ये म्हटलं तर म्हणतेस, दुसऱ्याच्या घरी फुकटचं खात बसणार नाही (भावाचं घर दुसऱ्याचं कधी झालं, हे मला कुणी कळवलं नाही). तुझ्या भावजयीने, शकुने, तो डबा घासून वरच्या फळीवर ठेवलाय. तिकडे नजर गेली की माझा चहा तसाच गार होतो. असो.

तर आमच्याकडे पाहुणी होती. तुझा भाचा प्रबुद्ध कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो हे तुला माहीत आहेच. त्यातून आजवर घरात काही अर्थ आला नव्हता, यंदा एकदम एक परदेशी मुलगी आली. युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठाची पोरं विकसनशील देशाची अर्थव्यवस्था बघायला आली होती, आणि हॉटेलात राहून ती दिसत नाही असं त्यांच्या सरांचं मत पडलं. म्हणून एकेक पोर एकेका घरात वाटून दिलं. आमच्या वाट्याला आली तिचं नाव घेताना शकुची जीभ अडकायची, तेव्हा शकुने पहिल्या संध्याकाळीच तिला इरावती करून टाकलं. तिनेही ऐकून घेतलं. पोरगी गुणी होती, फक्त अंघोळीला फार वेळ लावायची.

ती येणार म्हटल्यावर शकुने घर असं काही सजवलं की मलाच चप्पल काढून आत यावंसं वाटेना, परत जावंसं वाटलं. शेवंतीबाईंचे पडदे आले, शेजारच्या धोंडिरामचा नवा मिक्सर आला, आमचा जुना मिक्सर पलंगाखाली गेला. इरावतीने पहिल्याच दिवशी दोन्ही मिक्सर शोधून काढले आणि सामान्य कुटुंबाकडे दोन मिक्सर असतात असं लिहून घेतलं. प्रबुद्ध म्हणाला, राहू दे बाबा, देशाची प्रगती आहे. मी राहू दिलं. या वयात मी बरंच काही राहू देतो.

तिचं काम घरोघर जाऊन मिळकत आणि खर्च विचारायचं. आता आपल्या लोकांना पगार विचारला की ते तब्येतीविषयी बोलतात, आणि खर्च विचारला की खायला देतात. पोरगी चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन यायची ती फक्त पोट भरून. वर शेवंतीबाईंनी तिला काळ्या वाटाण्यांची उसळ डब्यात घालून दिली. पोरीने तो डबा असा लखलखीत घासला की कंपनीतून निघाला तेव्हाही तसा नसेल, आणि आभार मानून रिकामाच परत देऊन आली. झालं. शेवंतीबाईंनी दोन दिवस जिन्यात आमच्याशी बोलणं सोडलं. शेवटी शकु समजूत काढायला गेली तेव्हा म्हणाल्या, "रिकामो डबो धाडल्यान. म्हंजे आता येव नको म्हणान सांगल्यानच ना?"

मग शकुने इरावतीला बसवून समजावलं की बाई गं, डबा रिकामा परत करायचा नसतो, काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालायची. शकुचं मराठी, तिचं शिकाऊ हिंदी आणि मध्ये प्रबुद्धचं इंग्रजी, अशी ती शिकवणी झाली. पोरीच्या डोळ्यांत जो प्रकाश पडला तो बघूनच मला पुढचं दिसलं पाहिजे होतं. तिने शेवंतीबाईंचा डबा परत मागून घेतला आणि तिच्या देशाच्या चॉकलेटांनी भरून वर पाठवला. पाठवला म्हणजे मी नेला.

एवढी चॉकलेटं आल्यावर शेवंतीबाईंना गप्प बसवेना. कोंबडी-वडे आले. त्याला उत्तर म्हणून आणखी चॉकलेटं गेली. ही बातमी बिल्डिंगभर पसरली आणि ज्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं कढीपत्त्याची काडीसुद्धा दिली नव्हती, त्यांचे डबे यायला लागले. धोंडिरामने तर रिकाम्या हाती येणं बरं दिसत नाही म्हणून बाजारातला ढोकळा आपल्या डब्यात घालून आणला (खाली दुकानाचा कागद तसाच होता). चॉकलेटं संपत आली तेव्हा पोरीने स्वयंपाक सुरू केला. मिठाशिवाय उकडलेला मॅकरोनी, ताई. तो खाऊनही लोकांनी डबे भरून परत पाठवले, यावरून आपला समाज किती सोसतो ते बघ. शकु दिवसभर चुलीपाशी, मी दिवसभर जिन्यात. माझी साखर वाढली, डॉक्टर ओरडले. विकास म्हणतात तो हाच असावा. सगळ्यांची दमछाक चाललेली आणि भूक कुणालाच नाही.

जाण्याआधी त्या पोरांनी आपापला अभ्यास कॉलेजच्या हॉलमध्ये मांडला. आमची आख्खी बिल्डिंग बघायला गेली. इरावतीने पडद्यावर आपल्या बिल्डिंगचं चित्र दाखवलं, या घरातून त्या घरात जाणारे बाण काढलेले, त्यात शेवंतीबाईंचं नाव दिसल्यावर त्या उभ्याच राहिल्या. पोरीचं म्हणणं, या लोकांना फिटंफाट करायचीच नसते. डबा नेहमी कुणाकडे तरी राहिलेला हवा, म्हणजे येणं-जाणं राहतं. त्यांच्या सरांनी विचारलं, मग कुणाला हे थांबवायचं असलं तर? ती म्हणाली, आमच्या घरात वरच्या फळीवर एक डबा आहे, त्याच्या मालकिणीने तो परत नको म्हणून सांगितलंय. तिला आता या लोकांचं काही नको आहे का, ते मला विचारायचा धीर झाला नाही.

प्रबुद्धने हे मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याकडे बघितलं. ताई, मला तुझा फार राग आला. डोळे भरून आले ते मी घाम म्हणून पुसले, पण हॉल वातानुकूलित होता, त्यामुळे कुणी फसलं नाही.

परवा ती गेली. पडदे परत गेले, मिक्सर परत गेला (आत चटणी घालून, नाही तर धोंडिराम वर्षभर बोलला असता). आता मी आडवा होतो. या वयात पाहुणे झेपत नाहीत, हे मी शकुला स्पष्ट सांगितलंय. तब्येतीला जप. प्रबुद्धचा आणि शकुचा जयभीम.

तुझा,
भाऊराव

ता. क. जायच्या सकाळी इरावती स्टुलावर चढली, फळीवरचा तुझा डबा काढला आणि जपून ठेवलेली शेवटची चॉकलेटं त्यात भरून गेली. "ताईला," एवढंच म्हणाली. डबा पाठवायला तिकडे येणारं कुणी नाही (नितेश येतोय, पण त्याला मी विचारणार नाही). तूच येऊन घेऊन जा. तिची खाट शकुने अजून उचललेली नाही, आणि आपण तळमजल्यावर आहोत, तुला जिना लागणार नाही.

ता. क. दुसरा. पाहुणे झेपत नाहीत असं वर लिहिलंय ते खोडायचं राहिलं. पोरगी गेल्यापासून घरात कुणी काही विचारत नाही. शकुला आणि मला एकमेकांना जे विचारायचं होतं ते केव्हाच विचारून झालंय.

ता. क. तिसरा, आणि हा शकुला कळू देऊ नकोस. पत्र लिहिताना डबा शेजारीच ठेवला होता. तो आता रिकामा आहे. रिकामा डबा मी तुला देऊ शकत नाही, आणि शकुने उघडून बघायच्या आत तो भरायला हवा. जवस घेऊन लवकर ये.