नमुन्याचा अर्ज

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गावाचा विकास आराखडा करायचा म्हणून तुझ्या कचेरीने पाठवलेला अर्जांचा गठ्ठा पोचला आणि थेट माझ्याच डोक्यावर येऊन बसला. ग्रामसमितीच्या बैठकीत अध्यक्षांनी (गाव त्यांना माइक म्हणतं, कारण हातात आला की ते तो सोडत नाहीत) जाहीर करून टाकलं, की बाईंचं अक्षर चांगलं आहे आणि निवृत्तीमुळे त्यांना दुसरा उद्योगही नाही, तेव्हा अर्ज बाईंनीच भरून घ्यावेत. अडतीस वर्षं या गावाच्या हातात पेन्सिल धरून दिली, त्याचं हे फळ.

अर्जात प्रश्न मोजून चार. नाव, वय, व्यवसाय आणि गावाला सगळ्यांत आधी काय हवं. पहिल्या आठवड्यात परत आलेले अर्ज पाहून मी कपाळाला हात लावला. कुणी वयाच्या जागी नाव लिहिलेलं, कुणी व्यवसायाच्या जागी घराचा पत्ता, आणि चौथ्या प्रश्नापुढे बहुतेकांनी नुसती सही ठोकलेली. शेवटी ते सगळे रद्द केले, माझा स्वतःचा अर्ज नीट भरला आणि त्याची प्रत नमुना म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर लावली.

तुला वाटेल, ताईने साकव मागितला असेल. नाही मागितला. ओढ्यावरचा साकव वाहून गेला त्याला दोन वर्षं होत आली. पलीकडच्या अकरा घरांतलं एक आपल्या आत्याचं, हे गावाला ठाऊक आहे. मीच साकव लिहिला तर म्हणतील, बाई आपल्याच पोळीवर तूप ओढतात. म्हणून कुणाला न टोचणारं काहीतरी लिहिलं : बसथांब्याला छप्पर. साकव बाकीचे मागतीलच. अडचण सगळ्यांचीच आहे.

आत्या त्र्याऐंशीची झाली. दर तिसऱ्या दिवशी तिची औषधं घेऊन मी मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाते. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. माझ्याकडे राहायला ये म्हटलं, की ती कोंबड्यांचा विषय काढते.

लोभ करतोसच, पण तो अधूनमधून पत्रातही दिसू दे.

तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कचेरीतच वाचलं आणि माइकवर इतका हसलो, की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. तू नमुना लावलास हे वाचून मात्र माझी पाठ आपोआप ताठ झाली. मीही तुझ्या वर्गात बसलोय. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवा, स्वतःची अक्कल पाजळू नका, असं तू बजावायचीस आणि पाजळली तर धपाटा घालायचीस. आता त्याच लोकांना तुम्हाला काय वाटतं ते लिहा म्हणतेस, म्हणजे काळ बदलला म्हणायचा.

आता कामाचं. आपल्या गावचे अर्ज मोजणीला माझ्याच टेबलावर येणार आहेत. मी सख्खा भाऊ असलो तरी एक अर्ज इकडचा तिकडे होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. यंदा प्रत्येक गावाला एकच काम मिळणार आहे, सगळ्यांत जास्त लोक मागतील ते. तेव्हा लोकांनी मोकळेपणाने लिहायला हवं.

ही म्हणते, आत्याला आमच्याकडे आणा. मागच्या वेळी आठ दिवस राहिली, ते सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती आणि यातल्या कुणाला हाक मारली तर चालेल, असं हिला विचारत होती. मला तो प्रयोग पुन्हा करवत नाही.

धपाट्यांसह सगळा लोभ चालू ठेवावा.

तुझा,
धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

एकशे एकाहत्तर अर्ज आज पाठवले. तुमच्या नियमाप्रमाणे एकही न वाचता पाकिटांवर लाख लावली. हातचं राखून काही केलं नाही. लोक रस्त्यात थांबवून सांगतात, की बाई, अगदी व्यवस्थित भरलाय, तुम्हाला नाव ठेवायला जागा नाही. इतक्या वर्षांनी या गावाने गृहपाठ वेळेवर दिला, याचंच मला कौतुक वाटलं.

आत्याने मात्र परवा पराक्रम केला. वळसा टाळायला गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडत होती, ती घसरली. मोडलं काही नाही, पण परिचारिका येऊन तपासून गेली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, की पावसात मोठा रस्ताही बुडतो, चार-चार दिवस कुणी पोचत नाही. साकव होणार असला तर ठीक, नाहीतर पावसाच्या आत आजींना हलवा. आत्याला ते ऐकू गेलंच. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकं बोलते.

त्या घराबाहेर ती जगेल असं मला वाटत नाही. म्हणून लिहिते, की मोजणी लवकर कर.

भावाचा लोभ आहे, कारकुनाचाही असावा.

ताई

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

मोजणी झाली. एकशे एकाहत्तरपैकी एकशे अठ्ठावन्न जणांना बसथांब्याला छप्पर हवंय. नऊ जणांना मैदानाला कुंपण, चार कोरे. साकव एकानेही मागितलेला नाही. पलीकडच्या अकरा घरांतूनही नाही.

आधी मला वाटलं, गठ्ठा बदलला. मग नीट पाहिलं. चव्वेचाळीस जणांनी वय सहासष्ट लिहिलंय, त्यात लोहाराची नवी सून आहे. पोस्टमनने व्यवसाय लिहिलाय निवृत्त शिक्षिका. ताई, अख्ख्या गावाने तुझा नमुना काना-मात्रेसकट उतरवलाय. साहेबांनी अक्षरं वेगवेगळी आहेत ना एवढं पाहिलं आणि एवढं एकमत कुठल्याच गावात दिसलं नाही म्हणून आपल्या गावाची तारीफ केली. मी तिथे उभा होतो.

आणखी एक सांगायला हवं. पहिला अर्ज तुझा आहे आणि त्यातही छप्परच आहे. आत्याचा अर्जही तुझ्या अक्षरात आहे. त्यातही छप्परच. ती आयुष्यात किती वेळा बसमध्ये बसली असेल?

हरकतीला महिना आहे. १५ एप्रिलला इथे सुनावणी होईल. ज्याला हरकत असेल त्याने स्वतः येऊन तोंडी सांगायचं. एवढीच वाट उरलीय.

रागावलोय. लोभ आहे म्हणूनच रागावलोय.

धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडले, मग गावावर, आणि मधेच चहा उतू गेला तेव्हा चहावर. तशीच उठून सुताराकडे गेले. त्याचं दुकान ओढ्याच्या काठावर, गिऱ्हाईक अर्धं पलीकडचं. त्याला विचारलं, की साकव तुला दिसत नाही का. तो म्हणाला, दिसतो की, पण बाईंनी छप्पर लिहिलं म्हणजे त्यामागे काही विचार असणार. पलीकडचा गवळी तर म्हणाला, की साकव लिहून चूक निघाली असती म्हणजे? पन्नाशीचा माणूस, टोपी हातात घेऊन उभा. यांना हे शिकवलं कुणी, तर मीच.

आत्याच्या अर्जाचं विचारलंस. आदल्याच दिवशी तिच्याकडे जाऊन आले होते. पुन्हा अडीच तास कोण चालणार, म्हणून घरीच बसून भरला. माझा अर्ज समोर होता, हात चालत गेला. साऱ्या गावाला बोल लावायचा आणि दिव्याखाली हा अंधार. तिला हे अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

रविवारी वाचनालयापुढे सगळ्यांना बोलावलंय. अडतीस वर्षांत वर्गापुढे मी चुकले असं कधी म्हटलेलं नाही. चुकले तरी फळा पुसून टाकायचे. रविवारी म्हणणार आहे.

रागाव, पण लोभ आवरता घेऊ नकोस.

ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला ताप होता म्हणून तू आली नाहीस हे बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

सेहेचाळीस माणसं आली. धुतलेले कपडे, विंचरलेले केस, जशी परीक्षेला आली होती. पहिला सुतार उठला. म्हणाला, की छपराचं उत्तर चुकलं, गावाला साकव हवा, पलीकडे माझी म्हातारी आत्या एकटी राहते आणि तिला तिथून उपटून आणायचं माझ्या जिवावर येतं. मग गवळी उठला. छपराचं उत्तर चुकलं, साकव हवा, पलीकडे माझी म्हातारी आत्या. मग लोहार. त्याची आत्या. पोस्टमनची आत्या. सोळाव्या आत्येला साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पलीकडे नक्की किती आत्या राहतात असं विचारलं. तेव्हा अध्यक्ष माइक नसतानाही उठले आणि म्हणाले, की त्यांचीही आहे.

रविवारी तू काय बोललीस ते मला अक्षरन् अक्षर कळलं. एरवी हसून मुरकुंडी वळली असती. परवा सगळ्यांना पाणी देत फिरलो. चुकीचं का होईना, ती माणसं तुझ्यासाठी चाळीस मैल आली होती.

निकाल असा. एकाच मजकुराच्या हरकती कितीही असल्या तरी ती एकच हरकत धरायची. एकशे अठ्ठावन्नांपुढे एक. छप्पर मंजूर. साकव पुढच्या वर्षीच्या यादीत विचारार्थ. मी नोकरीत पहिल्यांदाच साहेबांपुढे आवाज चढवला. त्यांनी शांतपणे नियमाचा कागद पुढे केला. तो मीच टाइप केलेला होता.

आत्याला न्यायला मी येतो. लोभाला पात्र राहिलो नाही, तरी तो असू द्यावा.

धाकटा

२८ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला साहेबांनी रजा दिली नाही, तरी काम अडलं नाही. सुतार, गवळी, लोहार आणि पोस्टमन यांनी आत्याला खुर्चीत बसवून ओढ्यातून आणलं. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत होतं. चौघंही तिला आत्या म्हणत होते. कोंबड्या गवळ्याच्या बायकोला दिल्या. कुलूप आत्याने स्वतः लावलं आणि किल्ली मला दिली नाही.

इकडे बसथांब्याचे खांब आलेत. माझ्या पुढच्या खोलीतून ते सरळ दिसतात आणि आत्याची खाट तिथेच आहे. दुसरी जागा नाही घरात.

काल सकाळी तिने विचारलं, की हे लोक कसल्या अर्जाचं बोलतात आणि तसा तिचाही होता का. मी हातातलं काम ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिच्याही नावाने छप्परच लिहिलं, हेही सांगितलं. ती चिडेल, निदान रडेल, असं वाटलं होतं. ती खांबांकडे वळली. मग म्हणाली, की दर तिसऱ्या दिवशी तू येत होतीस, औषधं मोजून ठेवत होतीस, मला विचारलं असतंस तर मी साकवच सांगितला असता.

लोभ कमी करू नकोस. सध्या त्याची मला फार गरज आहे.

तुझी,
ताई