गेन्सुकेला डोंगराकडचं शेत मिळू नये म्हणून

मी तोमे, राहणार शिमोतानी गाव, वय सत्तरीच्या पुढे. दात गेले, शुद्ध शाबूत आहे. मुलगा किचिजी याला शंका असल्यास त्याने माझ्याशी दोन वाक्यं बोलून पाहावं. कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

घर, भातखाचरं आणि कुदळी किचिजीला. चांगली चटईही त्याचीच, पण वसुलीवाले आले की ती माळ्यावर टाकून चुलीवर राळ्याची पेज ठेवायची. गरिबी घरात नसली तरी दारातून दिसली पाहिजे.

कापसाची दुलई सून ओसेन हिला.

शेजारी गेन्सुके याला काही नाही. हा गृहस्थ वर्षानुवर्षं आमच्याकडे जेवला आणि परसाकडला मात्र पोट धरून स्वतःच्या घरी पळाला. मूठभर सोनखत सोडलं नाही मेल्याने. विचारलं तर म्हणे, "तोमेबाई, जेवण तुमचं, पण पोट माझं ना?"

आता मुख्य गोष्ट. ओसेनला तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत. किचिजी म्हणतो, "आई, दोन पुरेत. रोपं विरळ केली तरच लोंब्या भरतात. हे परत पाठवू."

"कुठे रे पाठवणार? तिकडची वाट पाहिलीयस का तू?" मी विचारलं. ओसेन चुलीकडे तोंड करून रडत होती.

मलाही जन्मताच नाक दाबून परत पाठवायचं ठरलं होतं. सुईणीने आधी साके मागितली, ती पिऊन आडवी झाली, आणि मी असा टाहो फोडला की गाव गोळा झालं. मग लाजेकाजेस्तव ठेवलं आणि नाव दिलं तोमे, म्हणजे 'आता पुरे'. पुढे दोन्ही भाऊ देवीने गेले. घरजावई आणून हे घर मीच चालवलं. किचिजी खातो तो भात त्या नकोशा पोरीचा आहे. मला याचा अजून राग येतो.

म्हणून डोंगराकडचं शेत येणाऱ्या बाळाला, मुलगा असो वा मुलगी. देवळातल्या भिक्षूंनी गावाच्या नोंदीत त्याचं नाव चढवलं की शेत त्याचं. बाळाला परत पाठवलं, तर तेच शेत गेन्सुकेला.

किचिजी घरातली तोंडं मोजतो. तोंडाला दुसरी बाजूही असते आणि शेत तिच्यावरच पिकतं, एवढं त्या शहाण्याला कळू नये?

स्थळ शिमोतानी, कान्सेई पर्वाचं सहावं वर्ष, दहावा महिना.
तोमे, स्वहस्ते.

साक्षीदार पहिले: भिक्षू दोशुन.

साक्षीदार दुसरा: गेन्सुके. जेवून सही केली आणि लगबगीने घरी गेला. याला मुद्दामच बोलावलं. बाळाचा टाहो ऐकू येतो की नाही, इकडे आता गावात सर्वांत आधी याचेच कान लागलेले असतील.