बाबांची चार वर्षं

कोरगाव, पेडणे
२ मे १९७६

श्री. गुरुदास यांना सौ. मालतीचा प्रेमाचा नमस्कार.

घरी सगळे ठीक. काजू संपत आले. यंदा बोंडं गोड होती, पण वेचायला आई आणि मी दोघीच, त्यामुळे बरीचशी पाखरांनी खाल्ली. आपल्या सुमाला गोवर आला होता, उतरला. काळजी नको.

आता पुढे काय लिहू? बुधवारी रेडिओवर सांगितलं ते तुम्हाला आत कळलं का? दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आणीबाणी आहे तोवर कुणाला का डांबलं हे कुठल्याच कोर्टात विचारता येणार नाही. मी पेज वाढत होते. पळी हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी पणजीला वकिलांकडे धावले. ते म्हणाले, "वहिनी, सुटकेचा आपला अर्ज संपला." अहो, असा कसा संपला? पाच न्यायाधीशांतल्या एकाने म्हणे विरोध केला. एकानेच! बाकीच्या चौघांच्या घरी मुलंबाळं नाहीत का?

पण त्याहून मोठा धक्का बाबांनी दिला. फिरंग्यांच्या, पोर्तुगिजांच्या राज्यात, आज तुम्ही आहात त्याच आग्वादच्या तुरुंगात चार वर्षं काढूनही ज्यांनी माफी लिहून दिली नाही, ते काल सोप्यावर बसून मला म्हणतात, "मालती, गुरुदासाक माफी लिवन दिवक सांग."

मी भडकले. सासऱ्यांपुढे आजवर आवाज चढवला नव्हता, काल चढवला. "तुम्ही दिली होती का?"

"माका फिरंग्यान चार वर्सां सांगलेली," ते म्हणाले. "चार वर्सां मोजूक येतत. तेका किती सांगलेत?"

तुम्हाला कुणी काहीच सांगितलेलं नाही, आणि आता विचारायचीही सोय उरली नाही. बाबा उठून आत गेले, जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी ते माफीचा कागद घेऊन भेटीला येतील. त्यांच्यावर रागावू नका. ताठ राहा, असं लिहायला मी बसले होते, खरंच. पण मला तुम्ही घरी हवे आहात. गावाला काय बोलायचं ते बोलो. सही करा.

जेलरसाहेब, हे पत्र यांच्या आधी तुम्ही वाचाल. वरचं सगळं काळं केलंत तरी चालेल, पण "सही करा" एवढं राहू द्या. ते तर तुम्ही खोडणारही नाही.

त्यांची बायको,
मालती