आत्याची रक्ताची वही आणि माझा डेटाबेस

११ मे २०१४, रविवार
जामबागला पार्वतीआत्याकडे गेलो. तिच्याकडे आपल्या मराठी मंडळींच्या रक्तदात्यांची वही आहे. तीस वर्षं चालवतेय. कुणाला रक्त लागलं की शहरभरातून तिलाच फोन. वही हळदीने पिवळी पडलीय. मला भरून आलं. म्हणालो, हे सगळं मी कॉम्प्युटरवर टाकतो. ती म्हणाली, वही चांगली चाललीय की रे. मी काळजीपूर्वक समजावलं. तिने वही दिली, पण रस्त्याच्या वळणापर्यंत वहीकडेच बघत होती.

१३ मे
डिझाइन पूर्ण. मोठा सर्व्हर वगैरे नको. छोटा डेटाबेस, सगळा मिळून एकच फाइल. नाव ही किल्ली. किल्ली दिली की गट आणि फोन बाहेर. किल्ली एकमेव लागते, म्हणून नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही घेतली. तिन्ही जुळणारी दोन माणसं जगात असू शकत नाहीत.
पहिली नोंद स्वतःची केली. हिम्मतराव प्रतापराव बिरादार, ओ निगेटिव्ह. दुर्मिळ गट. नोंद पाठच असल्याने वहीतली माझी ओळ बघितली नाही.

२१ मे
आतापर्यंत अकरा नावं. ऊन फार. जयवंता म्हणाली, पंख्याखाली बसून ऊन कसं लागतं. बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.
उद्यापासून वही ऑफिसात नेणार. तिथे आंध्र राज्याचे दोन भाग होणार म्हणून फायलींचे दोन ढीग चाललेत. कामाला कुणाचा हात लागत नाही. माझा लागेल.

२६ मे
वेग आला! वहीचा प्रत्येक भाग मागून पुढे टाइप करतोय. ताजी माणसं आधी, जुनी नंतर. आत्याने प्रत्येक नावापुढे शेरे मारलेत. ‘सकाळी फोन नको, पूजेत असतो.’ ‘बायकोला विचारून बोलवा.’ असला कचरा मी घेत नाही. गट आणि फोन, बस.

३० मे
पूर्ण! अगदी पहिल्या पानांवर आजोबांचं नाव निघालं. आत्याच्या अक्षरात, पुढे ‘अण्णा. वारले.’ मी त्यांचा पहिला नातू, त्यांचंच नाव मला. डोळे पाणावले. आदर म्हणून त्यांचीही नोंद केली, फोनच्या जागी ‘वारले’.
वहीत ४१२ माणसं. डेटाबेस म्हणतो ३७१. म्हणजे ४१ फालतू नोंदी त्याने स्वतःहून गाळल्या, तेही एका शब्दाने तक्रार न करता. एवढ्याशा फाइलीत केवढी अक्कल!

३ जून
काल नवं राज्य झालं. रस्ताभर जल्लोषाचा गुलाबी रंग. आज ऑफिसात बघतो तर माझं टेबल स्वच्छ. वरची सगळी कागदपत्रं लाल कपड्यात बांधून आंध्रच्या ढिगात. वहीसुद्धा. म्हणजे आत्याची वही आता दुसऱ्या राज्यात, अर्थात दुसऱ्या मजल्यावर. सोडवायला तीन सह्या लागतात. हरकत नाही. वहीची गरजच संपलीय. आत्याला सांगायची घाई नाही.

१४ जून, शनिवार
रक्तदान शिबिर. डेटाबेसवर वीस मिनिटं बोललो. टाळ्या. नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तुम्हीच सुरुवात करा. मला किंचित सर्दी होती. शिवाय जो यंत्रणा सांभाळतो त्याने खाटेवर आडवं पडणं बरं दिसत नाही. आत्या बिस्किटं वाटत होती.

२४ जून, मंगळवार
आत्या न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. शुक्रवारी ऑपरेशन. तिचा गट ओ निगेटिव्ह. दवाखाना म्हणतो, दोन दाते आणा. जयवंता रडायला लागली. मी म्हणालो, घाबरू नको, यासाठीच तर मी रात्रंदिवस खपलो.

२५ जून, सकाळ
एक छोटी अडचण. डेटाबेसला नाव दिलं की गट सांगतो. गट दिला की नाव सांगत नाही. आणि रक्त लागतं तेव्हा आपल्याला नाव नाही, गट माहीत असतो. आत्याच्या वहीत प्रत्येक गटाची पानं वेगळी होती. का, ते आता कळलं. तरी तिने हा मुद्दा तेव्हाच मांडायला हवा होता.

२५ जून, दुपार
३७१ नोंदी एकेक उघडून बघितल्या. ओ निगेटिव्ह दोनच. माझं नाव त्यात नाही. मीही चकित झालो, पण यंत्राशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तूर्तास विषय वाढवला नाही.
पहिले नामदेवराव, बरकतपुरा. सुनेने फोन घेतला. मामंजी २००३ साली गेले म्हणाली. मी म्हणालो, पण रक्त देतील का? तोंडून गेलं खरं. तिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.
दुसरे केशव लक्ष्मण हंबर्डे, अफझलगंज. एका हाकेत तयार! हौ, हौ, आलोच म्हणाले.

२५ जून, संध्याकाळ
केशवराव आले. वय ७८. इस्त्रीचा सदरा, हातात काठी, बाही आधीच वर केलेली. नर्सने नको म्हटल्यावर भयंकर रागावले. मला विचारलं, कैकू बुलाया फिर? मग म्हणाले, ओ निगेटिव्ह तर माझ्या नातवाचाही आहे, केशव लक्ष्मणच तो, पण दोन दिवस गावाला गेलाय आणि त्याचा नंबर मला पाठ नाही, पार्वतीच्या वहीत आहे.
नातू केशव लक्ष्मण. आजोबा केशव लक्ष्मण.
घरी येऊन स्वतःचं नाव टाइप केलं. हिम्मतराव प्रतापराव बिरादार. उत्तर आलं: वारले.
आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, हे मला जन्मापासून माहीत आहे. मी स्वतः त्याचा पुरावा आहे. एकच किल्ली दुसऱ्यांदा दिली की जुनं पुसून नवं बसतं. मी मागून पुढे टाइप केलं, म्हणून आजोबा येऊन नातवांवर बसले. एक्केचाळीस धडधाकट पोरं मी पुसून टाकली. आत्याला काही झालं तर ते माझ्यामुळे.

२६ जून
दुसऱ्या मजल्यावर सत्यनारायण बसतो. अठरा वर्षं आम्ही एकत्र चहा प्यायलो, परवापासून तो दुसऱ्या राज्यात. आत्याचं सांगितलं. तीन सह्यांचं काय, विचारलं. त्याने कात्री काढली आणि लाल कपडा कापला. म्हणाला, अय्यो, आधी सांगायचं ना.
वही मिळाली. नातवाचा नंबर लागला. उद्या पहाटे पोचतो म्हणाला. एक झाला.
ओ निगेटिव्हच्या पानावर जिवंत, शहरात असलेलं आणि रक्त देण्याच्या वयातलं आणखी एकच नाव होतं. मी न बघितलेली ओळ. ‘हिम्मत. माझा भाचा. मनाने फार चांगला. सुईला भितो. अगदीच कुणी नसेल तर विचारावे.’ तारीख १९९६ ची.
अठरा वर्षं कुणी मला का विचारलं नाही, याचं मी नेहमी नवल करायचो.

२७ जून, शुक्रवार
दिलं. तपशील आठवत नाहीत. डोळे उघडले तेव्हा एका बाजूला केशवराव हात धरून होते, दुसऱ्या बाजूला नातू. ऑपरेशन नीट झालं.

२९ जून
आत्या उठून बसली. आधी वही मागितली. मग पेन्सिल. मला वाटलं, आता तो शेरा खोडणार. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो, म्हणजे तिला अवघडल्यासारखं होऊ नये.
ती झोपल्यावर वही उघडली. शेरा तसाच आहे. खाली नवी ओळ.
‘दिले. धरायला दोन माणसे लागतात.’